सेकंड शिफ्टचा तीनताल

नाशिकच्या अंबडला चौकांना माणसांची नावं कमी, कंपन्यांची जास्त. गरवारे पॉइंट, एक्स्लो पॉइंट. माणसांनाही तोच नियम. ह्या कंपनीतले पाटील, त्या कंपनीतले पाटील. आणि दोघे एकाच कंपनीत निघाले तर एक वेल्डर पाटील, दुसरे पेंटशॉप पाटील. अशा वस्तीत कंपनीच्या नावावाचून ओळखला जाणारा माणूस एकच, तबल्याचे सर. रिक्षावाल्याला पत्ता विचारा. तो सांगेल, "सरळ जा. धडधड ऐकू येईल ते प्रेसशॉप. तिथून डावीकडे वळा. धडधड मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, ते सरांचं घर."

वास्तविक सरांवरही एके काळी कंपनीचा शिक्का होता. ते एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. गेटमधून कोण किती वाजता आत आला, कुणाचा लेट मार्क, कुणाचा हाफ डे, हे लिहिण्यात त्यांची जवानी गेली. पुढे कंपनीनं गेटवर अंगठ्याचं मशीन बसवलं आणि टाइम ऑफिसातल्या माणसांना पाकीट देऊन घरी पाठवलं. सर त्याबद्दल कडवट बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "मशीन सेकंद बरोबर मोजतं हो. पण माणूस पळत येतोय की रमत येतोय, ते त्याला दिसत नाही." आता हाच धंदा ते घरी करतात. फरक इतकाच, की पूर्वी उशिरा येणाऱ्याचा पगार कापला जाई, आता समेवर उशिरा येणाऱ्याचा कान पिळला जातो.

सरांची बोटं स्वस्थ बसल्याचं मी पाहिलेलं नाही. बँकेच्या काउंटरवर, अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर, दळणाच्या डब्यावर, नातवाच्या पाठीवर. पृष्ठभाग दिसला की बोटं सुरू. गल्लीत कुणाच्या दहाव्याला गेले तरी मांडीवर अनामिका आणि तर्जनी चालूच असतात. मात्र तिथे विलंबित एकताल. अशा प्रसंगी द्रुत बरं दिसत नाही, एवढं तारतम्य त्यांना आहे.

बाहेरच्या खोलीत तीन फोटो. गजानन महाराज, सरांचे गुरुजी आणि अहमदजान थिरकवा. थिरकवांचा आपल्याशी संबंध कसा, हे सर प्रत्येक नव्या पालकाला एकदा सांगतात. खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते, तेव्हा गुरुजींच्या गुरुजींनी त्यांना ऐकलं होतं. शिकले नव्हते, ऐकलं होतं. पण सर ते क्रियापद अशा चौपटीत म्हणतात की समोरच्याला 'शिकले' असंच ऐकू येतं.

क्लासचं वेळापत्रक सर करत नाहीत, एमआयडीसी करते. फर्स्ट शिफ्ट सुटली की चारची बॅच. जनरल शिफ्टवाले वडील मुलाला घेऊन येतात ती सातची. शनिवारी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी, म्हणून शनिवारची बॅच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात बेताल, कारण त्या दिवशी वडीलही शेजारी बसून मान डोलावतात, आणि चुकीच्या मात्रेवर डोलावतात. पोरगं बिचारं सरांकडे बघावं की बापाकडे, या पेचात सम सोडतं.

पालकांच्या अपेक्षा साध्या असतात. शेजारच्या सिडकोत बरीच वस्ती खानदेशातून आलेली. एक जण मुलाला दंडाला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मना पोऱ्या दिनभर टेबल बडवस. त्याले तबला शिकाडा." सरांना हा अर्ज पटला. टेबल बडवणारा मुलगा निदान बडवायच्या तयारीनं आलेला असतो. अवघड केस म्हणजे 'एक्स्ट्रा मार्क'वाल्यांची. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, ही बातमी अंबडला पोचल्यापासून सरांकडे सहावी-सातवीतली अशी मुलं येतात, ज्यांचा तालाशी संबंध फक्त टक्केवारीपुरता. त्यांच्या आया पहिल्या दिवशीच विचारतात, "किती परीक्षा झाल्या की पुरे?" सर म्हणतात, "आधी बसायला शिकू दे." मांडी घालून अर्धा तास बसणं ही अलीकडच्या मुलांची खरी प्रवेश परीक्षा आहे. दहाव्या मिनिटाला एक पाय लांब होतो, पंधराव्याला दुसरा, आणि विसाव्या मिनिटाला डग्गा चुंबळीसकट गडगडत सोफ्याखाली जातो.

चुंबळीवरून आठवलं. सरांच्या क्लासातल्या सगळ्या चुंबळी काकूंच्या जुन्या साड्यांच्या आहेत. मुलांच्या लेखी ती तबल्याची बैठक. काकूंच्या लेखी ते कपाट आहे. "ती मोरपंखी घेऊन बैस, तिच्यावरची जोडी आज बरी लागलीय," असं त्या स्वयंपाकघरातून सांगतात. काकूंनी आयुष्यात तबल्याला हात लावलेला नाही, पण पीठ मळता मळता त्यांनी हजारो वेळा तोच दिल्लीचा कायदा ऐकलाय. 'धा धा तिट धा धा तू ना.' सर मोबाइलवर फीचे मेसेज बघत असतात, पोरगं वाजवत असतं, आणि आतून आवाज येतो, "पाचवी मात्रा खाल्लीस रे!" सर दचकून म्हणतात, "खाल्लीस की!" आणि जणू आपणच पकडलं अशा चेहऱ्यानं त्याला पहिल्यापासून घ्यायला लावतात.

फीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. समेवर खणखणीत वाजणारा सरांचा आवाज फी मागताना खालीवर जातो. म्हणजे डग्गा बंद. "तेवढं... जमलं तर..." पालकांना ऐकूच येत नाही. बोनस दिवाळीला होतो, तेव्हा सहा महिन्यांची फी एकदम येते. सर ती मोजतसुद्धा नाहीत. काकू मोजतात.

सरांचा खरा शिष्य मात्र ह्या मुलांत नाही. तो पस्तिशीतला सीएनसी ऑपरेटर आहे. गावच्या सप्त्यात पखवाजवाल्याला गावकरी जो मान देतात तो पाहून त्याला लहानपणापासून वाजवायचं होतं. कर्जं, लग्न, प्लॉट, सगळं उरकल्यावर आता शिकतोय. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. फर्स्ट असेल तेव्हा चारला येतो. सेकंड असेल तेव्हा येत नाही. त्यामुळे त्याचा कायदा एक आठवडा सोडून एक वाढतो. ह्या सोमवारी मुख, पंधरा दिवसांनी पहिला पलटा, आषाढात तिहाई. सर म्हणतात, असा विलंबित कायदा आख्ख्या हिंदुस्थानात कुणी वाजवत नसेल.

पण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्याचा रियाज बंद नसतो. त्याच्या मशीनला एक जॉब व्हायला 42 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दार बंद, आत टूल फिरतंय, बाहेर ह्याला काम नाही. ह्यानं हिशेब काढला की मध्यलयीत तीनतालाची बरोब्बर चार आवर्तनं 42 सेकंदांत बसतात. चौथं आवर्तन संपून सम आली की दार उघडायचं. महिनाभर हे सुखानं चाललं. मग एका रात्री सुपरवायझर मागून आला आणि त्याला मशीनमधून 'तिरकिट' ऐकू आलं. बेअरिंग गेलं असणार, म्हणून मेंटेनन्सला बोलावलं. त्यांनी मशीन थांबवलं, कव्हर उघडलं, आवाज बंद. कव्हर लावलं, मशीन सुरू केलं, ऑपरेटर दाराशी उभा राहिला, आवाज पुन्हा सुरू. पहाटेपर्यंत तीन माणसं त्या बेअरिंगच्या मागे होती. हा गप्प उभा. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला, "तिरकिट स्वच्छ होतं का?"

परीक्षेचे हंगाम दोन. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, मग विशारद, त्यापुढे अलंकार. अंबडची गाडी बहुधा प्रवेशिका पूर्णच्या फाट्यावर बंद पडते, कारण तोवर दहावी आलेली असते. ह्या परीक्षा ज्यांच्या परंपरेतून आल्या त्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि पुढे ते आपल्या नाशकात, पंचवटीत येऊन राहिले, हे सर मुलांना अभिमानानं सांगतात. एका मुलानं विचारलं, "म्हणजे थिअरीचा पेपर नाशिकच्याच माणसामुळे आहे?" सरांना बाजू सावरणं भाग होतं. "नाही रे. परीक्षा घेणारं मंडळ 1931 ला निघालं, ते त्यांच्या शिष्यांनी काढलं. त्याच वर्षी पलुस्कर गेले." मुलाच्या चेहऱ्यावरून पलुस्करांबद्दलचा राग ओसरला.

थिअरी पाठ करून घ्यायची सरांची स्वतःची रीत आहे. "सिडकोच्या स्कीम किती?" "सहा!" "तबल्याची घराणी किती?" "सहा!" मुलं हे कधीच विसरत नाहीत. एकानं पेपरात लिहिलं: दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि सहावी स्कीम. पंजाब त्याला आठवलाच नाही. दुसऱ्याला तोंडी परीक्षेत विचारलं, सम म्हणजे काय? तो म्हणाला, "जिथं आमचे सर मान हलवतात ती जागा." परीक्षक हसले म्हणे. सर हसले नाहीत. त्यांना वाटतं, व्याख्येत चूक काय आहे?

खरा त्रास पालकांतल्या इंजिनिअरांचा. क्वालिटी डिपार्टमेंटमधले एक गृहस्थ मुलाची वही तपासायचे. भातखंडे पद्धतीत समेला गुणाकाराची फुली आणि खालीला शून्य, हे त्यांना पटलं. पलुस्कर पद्धतीत समेला एक आणि खालीला अधिकचं चिन्ह, हे मात्र गळ्याखाली उतरेना. "सर, खाली म्हणजे रिकामं. मग प्लस कसं? स्टँडर्ड एकच ठेवा ना." सरांनी त्यांना चहा दिला आणि तबल्याच्या मध्यावरची शाई दाखवली. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे नाद एकमेकांशी जुळत नाहीत; ही लोहभुकटीची शाई थरावर थर घोटून बसवली की कातड्याचं वजन मध्यावर वाढतं, नाद एका सुरात येतात आणि तबला गातो. "सी. व्ही. रामन यांनी 1920 साली ह्यावर लिहिलंय, परदेशातल्या 'नेचर'मध्ये." क्वालिटीवाले सरसावून बसले. "नोबेल ह्याच्यावरच मिळालं का?" सर प्रामाणिक माणूस. "नाही हो. ते प्रकाशावर, 1930 ला. तबल्यावर नुसता वेळ गेला. आमचंही तेच."

श्रावण जवळ आला की सरांना वेगळीच कळ लागते. नाशिकचं नाव देशभर गाजतं ते तबल्यानं नव्हे, ढोलानं. पार केरळातल्या उत्सवांत 'नासिक ढोल' ह्याच नावाची पथकं वाजवतात. इथे तर गणपतीआधी दोन महिने मैदानं, पार्किंगं, पुलाखालच्या जागा, सगळीकडे सराव. सरांची निम्मी बॅच तिकडे जाते. अनंत चतुर्दशीनंतर परत येते ती टिपरूची सवय लागलेला हात घेऊन. ज्या बोटानं चाटेवर 'ना' हलकेच उमटायचा, ते बोट आता पुडी फाडायच्या बेतानं येतं. "अरे, तबल्याशी बोलायचं असतं, त्याला हाक मारायची नसते," सर कळवळून सांगतात. मुलं हो म्हणतात आणि पुढच्याच 'धा'ला समोरच्या इमारतीत कुत्रं जागं होतं. गंमत म्हणजे विसर्जनाच्या दिवशी सर स्वतः चौकात कडेला उभे असतात. पथक जाताना त्यांचा चेहरा नाराज, आणि पाय पथकाच्या ठेक्यात.

सरांच्या वर्षाचा सर्वोच्च दिवस गुरुपौर्णिमा. ती आषाढात येते, म्हणजे ऐन पावसात, आणि दमट हवेत कातडं उतरतं. संस्कृती ठरवताना कुणीतरी तबलेवाल्यांना विचारायला हवं होतं. समाजमंदिराचा हॉल घेतलेला असतो. 18 मुलं, 18 जोड्या, समूहवादन. सगळ्या जोड्या काळी एकला मिळवायच्या. सर सकाळी दहाला हातोडी घेऊन बसतात. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एकेका तबल्याची सोळा घरं फिरायची, कान कातड्याजवळ, डोळे मिटलेले. दुपारी एकपर्यंत बारा जोड्या लागतात. तेराव्याला हात घालतात तोच एक मुलगा पहिला तबला वाजवून बघतो, आणि तो उतरलेला असतो. पूर्वी शंभराच्या पिवळ्या बल्बखाली तबले शेकता यायचे. एलईडी आल्यापासून उजेड पडतो, ऊब पडत नाही. म्हणून हल्ली मुलींच्या आयांचे हेअर ड्रायर मागवतात. तीन ड्रायर एका बोर्डाला लावले की हॉलचा फ्यूज जातो. वायरमन येईपर्यंत पाच वाजतात, पाहुणे येऊन बसतात, आणि सर सतराव्या तबल्याशी वाकलेले असतात.

प्रमुख पाहुणे भावी नगरसेवक. अंबडमध्ये माजी आणि भावी एवढेच काळ आहेत. ते तबल्याबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि ड्रेनेज लाइनबद्दल वीस मिनिटं. तेवढ्यात पहिले आठ तबले पुन्हा उतरतात. निवेदिका जाहीर करते, "आता सरांचे विद्यार्थी तालबद्ध ढोलकी सादर करतील." सर डोळे मिटून घेतात. हार्मोनियमवर लेहरा सुरू होतो आणि अठरा तीनताल निघतात. पहिल्या मिनिटाला ते एकत्र असतात. तिसऱ्या मिनिटाला खिडकीकडची रांग पुढे जाते. शेवटच्या तिहाईचे अठरा 'धा' अठरा ठिकाणी पडतात. श्रोत्यांना वाटतं, भारी चक्रदार आहे. टाळ्यांचा कडकडाट होतो. सरांनाही क्षणभर वाटतं की आपण चक्रदारच बसवला होता.

पण मला सर खरे कळले ते साथीत. एका निवृत्त बँक मॅनेजरांना गाण्याची उशिरा आवड लागली. वर्षातून एकदा ते हॉल घेतात, नाश्ता ठेवतात आणि गातात. साथीला सर. मॅनेजरसाहेब झपतालात बंदिश गातात, पण दहाव्या मात्रेनंतर श्वास घ्यायला त्यांना एक मात्रा जास्त लागते. दुसरा तबलजी समेवर ठणकन 'धी' देऊन गवयाला उघडं पाडेल. सर तसं करत नाहीत. ते अलगद अकरावी मात्रा वाजवतात. एका आवर्तनात नाही, सगळ्यांत. पाऊण तास अकरा मात्रांचा झपताल, चेहऱ्यावर सुरकुती नाही. कार्यक्रमानंतर मॅनेजरसाहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज तुम्ही मागे पडत नव्हता, छान!" सर "आपली कृपा" म्हणाले. मी नंतर गेटपाशी छेडलं तर म्हणाले, "टाइम ऑफिसात इतकी वर्षं एक मिनिट इकडे-तिकडे सांभाळून घेत होतोच की. इथे तर नुसती मात्रा."

मंगळवारच्या महिला भजनी मंडळात प्रश्न उलटा. तिथे मात्रा कमी होतात. दुसऱ्या चरणाला बायकांना घरच्या कुकरची आठवण येते आणि लय पळत सुटते. सर मागून भजनी ठेका ओढून धरतात. अध्यक्षबाई टाळ हलवत म्हणतात, "सर, जरा हात उचला!" हँडबिलावर मंडळातल्या बावीस जणींची नावं असतात, त्याखाली मंडपवाल्याचं, त्याखाली बारीक टायपात 'तबला: सर'.

झाकीरभाईंच्या बातमीनं मात्र सर गडबडले. 2024 च्या डिसेंबरातली 15 तारीख, रविवार. रात्री मोबाइलवर आलं, ते गेले. थोड्या वेळानं आलं, नाही, चुकीचं आहे. सरांनी देवापुढे दिवा लावला. सोमवारी सकाळी पक्कं झालं. त्या आठवड्यात क्लासला पाच नवे प्रवेश आले. बापांच्या पिढीनं झाकीर हुसेन पाहिले ते चहाच्या जाहिरातीत. मुलाचे केस कुरळे असले की हे सगळे आपोआप सरांकडे येतात. एक जण म्हणाला, "सर, ह्याला तसं करा." सरांनी मुलाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्यांचे वडील अल्लारखा होते. तुम्ही कोण?" बाप म्हणाला, "फिटर." सर म्हणाले, "मग निदान गठ्ठे तरी नीट ठोकेल." आणि फॉर्म भरून घेतला.

दहावीचा निकाल लागला की पेढे येतात. मार्क मिळालेले, प्रमाणपत्र लॅमिनेट झालेलं, मुलगा कॉलेजला. आठवडाभरानं वडील तबलाजोडी घेऊन दारात. "घरात जागा नाही हो, सर." सर ती निम्म्या किमतीत ठेवून घेतात, वाद्या ओढतात, पुडी बदलतात, काकू नवी चुंबळ शिवतात, आणि जूनमध्ये सहावीतलं नवं पोरगं तीच जोडी घेऊन प्रारंभिकच्या तयारीला बसतं. त्यांतला एक तबला, काळपट शिसवी, इतक्या मुलांबरोबर परीक्षेला जाऊन आलाय की प्रारंभिकपासून प्रवेशिका पूर्णपर्यंतचा अभ्यासक्रम त्याला तोंडपाठ असावा. परवा सर त्याच्यावर हातोडी चालवत होते. मी विचारलं, "हा आता कुणाला देणार?" सर म्हणाले, "कुणाला नाही. नोव्हेंबरात ह्याचाच फॉर्म भरतो. मध्यमाला."

आतून काकू म्हणाल्या, "आधी फीचं विचारा त्याला."